जिमची वही: खान्देशात राहून वजनं उचलणं आणि जेवण दोन्ही कसं टिकवायचं

पाचोऱ्याकडे आमचं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकानात उधारीची एक जाड वही असते. जूनमधे पेरणीच्या टायमाला एकच माणूस दिवसातून तीनदा येतो, सकाळी गोणी नेतो, दुपारी पोराला पाठवून औषध नेतो, संध्याकाळी परत काहीतरी राहिलेलं. त्याच मिनिटाला लिहिलं तर ठीक, नाहीतर कापूस विकून हिशोबाला बसलं की दोघांनाही नक्की आठवत नाही, आणि दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतं.

जिमचं आणि खाण्याचंही अगदी असंच असतं. मी तीन वेळा जिम लावली आणि तीन वेळा सोडली, चौथ्यांदा टिकली, त्याला आता सहा वर्ष होतील. चौथ्यांदा फरक एवढाच होता की मी साठ रुपयांची वही घेतली आणि तिच्यात रोज लिहायला लागलो. गावातले नवीन पोरं विचारतात दादा सुरुवात कशी करू, तायाही विचारतात, तर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

जिम लावायच्या आधी

वय चाळीसच्या पुढे असेल, किंवा बीपी, शुगर, हार्ट, किडनी, हर्निया, जुनं कमरेचं दुखणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे टाळू नका. बाकी तरुण तब्येतीच्या माणसानेही एकदा बीपी मोजून घ्यावं, दोन मिनिटाचं काम आहे.

मग वहीचं पहिलं पान. तारीख, वजन, बेंबीच्या लेव्हलला कमरेचा घेर, आणि मोबाईलवर समोरून-बाजूने एकेक फोटो. फोटो कोणाला दाखवायचा नाही, ठेवायचा. वजन सकाळी उठल्यावर संडासला जाऊन आल्यावर उपाशीपोटी करायचं, रोज त्याच काट्यावर. आणि एका दिवसाच्या आकड्यावर काहीच ठरवायचं नाही. रात्री शेवभाजी खाल्ली की सकाळी काटा एक किलो जास्त दाखवतो, ती चरबी नसते, मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं तेवढंच, दोन दिवसात उतरतं. म्हणून सात दिवसांची बेरीज करा, सातने भागा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. हे मला पहिल्यांदा कोणी सांगितलं असतं तर मी निदान एकदा तरी जिम सोडली नसती.

वेळ

आपल्याकडे वेळ ऊन ठरवतं. एप्रिल-मे मधे पारा 44-45 ला जातो, जळगाव-भुसावळचा आकडा तर रोज पेपरात असतो, आणि तालुक्याच्या गावातल्या निम्म्या जिम पत्र्याच्या शेडमधे आहेत. संध्याकाळी पाचला त्या शेडमधे लोखंडाला हात लावला तरी तळहाताला चटका जाणवतो. म्हणून होळीपासून मृगापर्यंत सकाळी सहाची वेळ धरा, त्याला पर्याय नाही. पावसाळा-हिवाळ्यात संध्याकाळ चालते. उन्हाळ्यात जाण्याआधी दोन ग्लास पाणी, आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. व्यायाम करताना चक्कर आली, मळमळलं, अंगावर काटा येऊन थंडी वाजल्यासारखं झालं तर तिथेच थांबा, सावलीत बसा, डोक्यावर-मानेवर पाणी मारा. आणि कोणी बरळायला लागला, त्याला नीट बोलता येईना, तर लगेच दवाखान्यात न्यायचं, थोडं बसू दे होईल ठीक असं म्हणत वाट बघायची नाही.

आठवड्यात तीन दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सहा दिवस जाणार असं पहिल्याच आठवड्यात जो ठरवतो तो बहुतेक दुसऱ्या महिन्यात दिसत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नवीन पोराने सहा दिवस म्हटलं की मला काळजीच वाटते. शेतकऱ्याच्या घरात तर अजून एक गोष्ट आहे, रात्रीची लाईट असते तेव्हा रात्री दोनला उठून मोटर चालू करून पाणी भरावं लागतं. तशी रात्र गेली असेल तर दुसऱ्या दिवशी जड वजन उचलू नका, एक दिवस पुढे ढकला आणि वहीत लिहा, "पाणी भरलं, उद्या जाणार". लिहिलं की तो खाडा राहत नाही, बदललेली तारीख होते. झोप सात तास मिळाली पाहिजे, मसल भरून यायचं काम जिममधे होत नाही, नंतरच्या आरामात आणि झोपेत होतं.

जिम कुठली आणि रॉड किती किलोचा

घरापासून किंवा दुकानापासून जवळची. जळगावात एसी वाली चकाचक जिम असेल पण पोचायला अर्धा तास लागत असेल तर ती तुमच्यासाठी नाही. रॉड, प्लेटा, एक बेंच, एक स्क्वॉटचा रॅक आणि ओढायचं एक मशीन एवढं असलं तरी वर्षभर पुरतं.

एक गोष्ट मात्र जरूर करा, रॉडचं वजन करून घ्या. ऑलिम्पिकचा जो मोठा रॉड असतो तो 20 किलोचा असतो, आणि सगळे व्हिडिओ तेच धरून चालतात. मी सुरुवातीला जिथे जायचो तिथला रॉड मी वर्षभर 20 चाच धरला होता. एका रविवारी शेठला विचारून तो दुकानातल्या काट्यावर आणून ठेवला तर साडेअकरा भरला. म्हणजे माझ्या वहीतला प्रत्येक आकडा साडेआठ किलोने चुकीचा. वाईट वाटलं खरं, पण त्याच दिवशी सगळी वही दुरुस्त केली. पुढे दुसऱ्या जिममधे गेलो, तिथे खरा 20 चा रॉड होता, तेव्हा हिशोब माहीत होता म्हणून एकदम जास्त वजन लावून खांदा दुखावून घ्यायची वेळ आली नाही. लहान जिममधले रॉड 8 पासून 12-15 पर्यंत कितीही असू शकतात, प्लेटांवरचा आकडाही कधी कधी फसवा असतो.

व्यायाम

आपल्याकडे जिममधे पहिल्या दिवसापासून आज चेस्ट, उद्या बायसेप, परवा शोल्डर असं चालू करून देतात. नवीन माणसाला ते सोयीचं नाही, कारण सरळ आहे, मंगळवारचा पायाचा दिवस एखाद्या लग्नामुळे बुडाला की पायाला पुढचा मंगळवार, म्हणजे चौदा दिवसांचा गॅप. त्यापेक्षा दर वेळी सगळं अंग थोडं थोडं करा. मी दोनच यादी सांगतो, आलटून पालटून करायच्या.

पहिली यादी: स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक), बेंच प्रेस (बेंचवर झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं), रोईंग (पुढे वाकून रॉड पोटाकडे ओढणं).
दुसरी यादी: डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं), शोल्डर प्रेस (रॉड खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाऊन (मशीनचा दांडा वरून छातीकडे ओढणं), आणि थोडे लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं).

सोमवारी पहिली, बुधवारी दुसरी, शुक्रवारी परत पहिली, पुढच्या सोमवारी दुसरी, असं फिरत राहायचं. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, एका सेटमधे न थांबता 8 ते 10 रेप्स (वजन एकदा वर-खाली झालं की एक रेप), डेडलिफ्टचे दोनच सेट पुरे. दोन सेटच्या मधे दोन मिनिट थांबा, घड्याळ बघून, गप्पा मारत नाही. सुरुवातीला पाच मिनिट हातपाय मोकळे करा आणि रिकाम्या रॉडने एक-दोन हलके सेट मारा. बायसेप मारायची हौस असेल तर शेवटी दोन सेट मारा, माझी ना नाही, पण आधी वरचं सगळं संपवून.

वजन एवढं लावा की सेट संपला तेव्हा अजून दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. पहिले दोन आठवडे तर अगदी हलकं, फक्त पद्धत शिकायला. तरीही दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, जिना उतरताना कळेल, साधारण एक ते तीन दिवस राहतं. ते दुखणं सगळीकडे पसरलेलं आणि बोथट असतं. सांध्यात एका जागी टोचल्यासारखं दुखलं तर ती वेगळी गोष्ट, तो व्यायाम थांबवायचा.

डेडलिफ्टबद्दल जरा जास्त लिहितो कारण तिथेच लोक कंबर धरतात, मीही धरली होती, तिसऱ्यांदा जिम सोडली ती त्यामुळेच. आणि ती नीट शिकलो ती कुठल्या ट्रेनरकडून नाही, आमच्या दुकानावर गाडी खाली करायला येणाऱ्या हमालकाकांकडून. युरियाची गोणी 45 किलोची, डीएपीची 50 ची. साठीला आलेला माणूस, दिवसाला शंभर-दीडशे गोण्या उचलतो आणि कधी कंबर दुखते म्हणून बसलेला मी पाहिला नाही. एक दिवस मी नीट बघितलं. काका गोणीच्या अगदी जवळ जातात, नडग्या गोणीला टेकतात. मग आधी ढुंगण मागे जातं, गुडघे थोडेसे वाकतात, पाठ फळीसारखी सरळ राहते. श्वास आत घेऊन पोट कडक करतात, आणि मग उचलतात, आणि उचलताना गोणी पूर्ण वेळ अंगाला घासत वर येते. मी त्यांना विचारलं काका कोणी शिकवलं, तर म्हणाले, "गोणी अंगापासून लांब गेली का भो, ती दुप्पट होते." रॉडचंही तसंच आहे, नडगीपासून चार बोटं लांब असला की कमरेवर सगळा ताण येतो. बुट काढून किंवा सपाट तळाच्या बुटात करा, जाड फोमच्या स्पोर्ट्स शूजमधे पाय हलतो. सुरुवातीला 30-40 किलोच्या वर जाऊ नका, आणि प्लेटा लहान असल्यामुळे रॉड जमिनीपासून फार खाली असेल तर दोन्ही बाजूंना प्लेटाखाली लाकडी पाट ठेवून उंच करा.

जिम लावायची ऐपत किंवा सोय नसेल तर दंड-बैठका आहेतच, तालमीत पिढ्यानपिढ्या तेच चालत आलंय. आपल्या चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीन वर्ष महाराष्ट्र केसरी झाले, त्यांच्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी घरात लहान पोरं परत आखाड्यात जायला लागली. दंड-बैठकांचाही आकडा वहीत लिहा, आणि दंड 25 च्या वर सलग जायला लागले की पाठीवर पुस्तकांची बॅग घेऊन मारा.

तायांसाठी: वजनं उचलून अंग पुरुषासारखं होईल ही भीती काढून टाका. तसं व्हायला जे हार्मोन लागतं, टेस्टोस्टेरॉन, ते बाईच्या शरीरात पुरुषापेक्षा कितीतरी कमी असतं. माझ्या बायकोने घरीच दोन डंबेल आणि खुर्चीवर सुरू केलं, आता ती सिलेंडर मला हाक न मारता लावते. चाळिशीनंतर हाडं ठिसूळ होत जातात बायकांची, त्याला वजनं उचलण्यासारखा व्यायाम नाही. यादी तीच, रेप्स तेच.

वही कशी लिहायची

माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "स्क्वॉट 30 किलो: 10, 9, 8. झोप कमी." बस. सेट संपला की लगेच, पेन खिशात. पुढच्या वेळी तीच 30 किलो, आणि ध्येय एकच, मागच्या आकड्यांपेक्षा एक रेप जास्त. 10, 10, 8 झालं तरी ते पुढे जाणंच आहे. ज्या दिवशी तिन्ही सेट 10, 10, 10 निघतील त्याच्या पुढच्या वेळी दोन्ही बाजूला सव्वा-सव्वा किलोची प्लेट, म्हणजे अडीच किलो वाढवायचं. रेप्स परत 8 वर येतील, परत 10 पर्यंत चढायचं. शरीर असंच वाढतं, कालपेक्षा थोडं जास्त काम दिलं तरच त्याला वाढायचं कारण मिळतं, आणि काल किती दिलं हे लक्षात राहत नाही म्हणूनच वही. पुष्कळ पोरं दोन-दोन वर्ष तीच 40 किलोची बेंच मारतायत आणि म्हणतात बॉडी बनत नाही दादा, वही दाखव म्हटलं तर नसते.

पहिल्या सहा-आठ आठवड्यात ताकद भराभर वाढेल पण आरशात काही दिसणार नाही, त्याने खचू नका. सुरुवातीची ताकद ही मेंदू आणि नसा मसलला नीट वापरायला शिकतात त्यातून येते, मसल जाड व्हायला नंतर वेळ लागतो.

आता खाणं, जिथे खरी अडचण आहे

तिसऱ्या वेळी मी भाकरी पूर्ण बंद केली होती, ओट्स, उकडलेल्या भाज्या, रात्री नुसतं सॅलड. एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी चुलतभावाच्या हळदीला वरण-बट्टीची पंगत बसली आणि तिथे ते जे मोडलं ते मोडलंच. चूक पंगतीची नव्हती. मी असं जेवण धरलं होतं जे माझ्या घरात, माझ्या गावात, माझ्या आईच्या हाताने शिजतच नाही. घरात दोन स्वयंपाक व्हायला लागले की एक स्वयंपाक आज ना उद्या बंद पडतो आणि तो तुमचाच असतो.

म्हणून ताट आहे तेच ठेवा, फक्त त्यातलं काय जास्त आणि काय कमी ते बघा. कमी करायचं तेल, वाढवायचं प्रोटीन. भाकरीला हात लावू नका, निदान पहिले दोन महिने.

तेलाचं आधी. एक मोठा चमचा, 15 मिली तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी. आपल्या भरताचंच बघा. वांगं स्वतः काहीच नाही, शंभर ग्राम वांग्यात 25 च्या आसपास कॅलरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मधे जीआय (त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन) मिळालं, एवढं चांगलं वांगं आपल्या दारात पिकतं, काड्यांवर भाजून बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलं की त्याचा वास अख्ख्या मळ्यात पसरतो. पण मग त्यावर वाटीभर तेलाची मिरची-लसूण-शेंगदाण्याची फोडणी बसते. चार माणसांना 150 मिली तेल म्हटलं तरी माणशी तीनशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या, पुरी वेगळीच. आमच्या घरी आता भरीत तेवढंच होतं, फोडणीला चार चमचे तेल मोजून, पुरीच्या ऐवजी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. पहिल्या दिवशी आई नाराज होती. मी बाटलीतून तेल ओतायचं बंद करून चमचा ठेवला, एवढंच केलं, आणि महिन्याचं तेल जवळपास निम्म्यावर आलं तेव्हा तिलाच पटलं. शेवभाजी असली तर वरचा तवंग पळीने बाजूला सारून खालचा रस्सा घ्या, आणि शेव मूठभरच.

आता प्रोटीन. वजनं उचलणाऱ्याने दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.6 ग्राम धरावं. 70 किलोच्या माणसाला 112 ग्राम. ज्याचं वजन खूप जास्त आहे त्याने आत्ताचं वजन न धरता जिथे पोचायचंय ते वजन धरावं. आकडा मोठा वाटतो पण खान्देशातल्या घरात बऱ्यापैकी आधीच असतो, बघा:

ज्वारीच्या पिठात शंभर ग्रामला साधारण 10 ग्राम. तेच चार वाट्या ज्वारीत एक वाटी अख्खे उडीद टाकून दळलं, म्हणजे आपला कळणा, तर 13 च्या आसपास जातं. आपल्या आज्यांनी हे कुठल्या चार्टमधून घेतलं नव्हतं. दोनशे ग्राम पिठाच्या भाकरी दिवसभरात झाल्या तर 26. तूर, उडीद किंवा कुठलीही डाळ कोरडी मोजून 60 ग्राम, 13. अर्धा लिटर दूध, 16. मोठी वाटी दही, 7. मूठभर भाजके शेंगदाणे, 30 ग्राम, 7 (पण त्यात 170 कॅलरी आहेत, येता-जाता तीन मुठी गेल्या की वजन कमी व्हायचं थांबतं, हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे). फुटाणे 50 ग्राम, 10. इथपर्यंत 79 झाले, आणि अजून आपण घराबाहेरचं काहीच आणलेलं नाही. राहिलेल्या 33 साठी सोयाबीनच्या वड्या 65 ग्राम, त्यात 33 च्या आसपास, गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घेतल्या की वास जातो, शेवभाजीच्याच काळ्या मसाल्यात टाका, पोरंही खातात. अंडी चालत असतील तर एका अंड्यात 6, सोयाबीन नसेल त्या दिवशी पाच-सहा अंडी. चिकन खाणाऱ्याला दीडशे ग्राम ब्रेस्टमधे 33 च्या आसपास मिळतं.

किचनमधला छोटा डिजिटल काटा तीनशे-चारशे रुपयात मिळतो. जन्मभर मोजायची गरज नाही, पण पहिले पंधरा दिवस मोजा, म्हणजे 60 ग्राम डाळ किती दिसते ते डोळ्याला कळतं, आणि नंतर तुमची वाटीच माप होते.

केळीबद्दल लोक उगाच घाबरतात. रावेर-यावलचा माणूस केळीला घाबरतोय हे मला बघवत नाही. एका मध्यम केळीत शंभरच्या आसपास कॅलरी आणि व्यायामाला लागणारी साखर, जिमच्या पाऊण तास आधी एक केळ, यापेक्षा चांगलं प्री-वर्कआऊट मला माहीत नाही.

वजन कमी करायचं असेल तर रोजच्या खाण्यातून तीनशे ते पाचशे कॅलरी कमी, एवढंच. तेल आणि चहातली साखर यातूनच ते बहुतेक निघतं, दिवसाला सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल तर नुसत्या साखरेच्याच दोनशेच्या आसपास होतात. आठवड्याला सरासरी अर्धा किलो उतरलं म्हणजे उत्तम चाललंय. दोन-दोन किलो उतरत असेल तर त्यात मसलही जातोय. सडपातळ पोरांनी उलटं करायचं, एक भाकरी आणि एक ग्लास दूध वाढवायचं आणि महिन्याला एक किलोच्या आसपास वाढू द्यायचं.

पंगत, आखाजी, कानबाई

आपल्याकडे वर्षाचे किती दिवस सणाचे, लग्नाचे, भंडाऱ्याचे असतात ते मी एका वर्षी वहीत मोजले होते, बासष्ट निघाले. बासष्ट दिवस टाळणं शक्य नाही आणि टाळूही नये. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमरस-पुरणपोळी खायचीच, बहिणी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, त्या दिवशी डब्यात सोयाबीन घेऊन बसणाऱ्या माणसाबरोबर कोणाला जेवावंसं वाटेल. कानबाईच्या (श्रावणात घरी बसवतात त्या देवीच्या) रोटाचा प्रसाद भाऊबंदांबरोबर बसून खायचा असतो, तिथे कॅलरीचा विषय काढू नका.

मी काय करतो ते सांगतो. एक, वहीत आधीच लिहून ठेवतो, "रविवारी भंडारा". ठरवून खाल्लं की दुसऱ्या दिवशी सगळं गेलं आता सोडून देऊ असं वाटत नाही. दोन, त्या दिवशी उपाशी राहून पंगतीला जात नाही, सकाळी दूध-फुटाणे खाऊन जातो, नाहीतर पहिल्या वाढपालाच चार बट्ट्या जातात. तीन, पहिलं वरण आणि वांग्याची भाजी, मग दोन बट्ट्या, त्यावर तूप एकदाच. वाढणारे मामा येतातच, "आखो एक ले ना भो" (अजून एक घे ना भाऊ), त्यांना नाही म्हणायचं नाही, अर्धी मागायची. मान राहतो आणि पोटही. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पुढचं जेवण नेहमीचं. उपास नाही, शिक्षा म्हणून दोन तास पळणं नाही, नेहमीची भाकरी-डाळ-दही.

खाडा पडला तर

पडणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 96 लोकांना एकेक नवीन सवय लावायला सांगून बारा आठवडे बघितलं होतं, 2010 मधे ते छापून आलं. सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा 66 दिवस निघाला, कोणाला 18 पुरले तर कोणाला 254 लागतील असा अंदाज आला. आणि त्यात मला सगळ्यात कामाचं वाटलं ते असं की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. म्हणून 21 दिवसात सवय लागते या बोलण्यावर जाऊ नका, बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की माणसाला आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटतं, तसं काही नसतं.

माझा नियम एकच, सलग दोन खाडे नाहीत. सोमवार बुडाला तर बुधवारी काहीही करून जायचं, वीस मिनिटं का होईना, एक स्क्वॉट आणि एक बेंच मारून परत. पेरणीच्या महिन्यात आमचं दुकान सकाळी सहाला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं, तेव्हा मी तीनाऐवजी दोनच दिवस जातो, वजन वाढवत नाही, आहे ते टिकवतो. दोन दिवसात ताकद टिकते, वहीत पाच जूनचे महिने आहेत, त्यात दिसतंय. पंधरा दिवसांच्या वर गॅप पडला तर परत आल्यावर शेवटच्या वजनाच्या साधारण निम्म्या-पाऊणपटीने सुरू करा, दोन-तीन आठवड्यात परत तिथे पोचता.

डबे आणि सुया

व्हे प्रोटीन म्हणजे दुधाच्या निवळीचं प्रोटीन, पनीर काढल्यावर जे पाणी उरतं त्यातलं, भीतीचं काही नाही आणि गरजेचंही नाही. ताटातून 112 होत नसतील तर एक स्कूप, 24 ग्रामच्या आसपास, घ्या. क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतात ती पावडर) रोज 3 ते 5 ग्राम, हे खरंच काम करतं, पाणी भरपूर प्या, आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाकी फॅट बर्नर, मास गेनर वगैरेचे पैसे दूध-अंड्यात घाला. डबा बिल घेऊन, सील आणि एफएसएसएआय नंबर (खाण्याच्या वस्तूंचा सरकारी परवाना) बघूनच घ्यायचा.

आणि सुई. मला एका जिममधे, नाव घेत नाही, तिसऱ्याच महिन्यात विचारलं गेलं होतं की स्टेरॉइडच्या सुयांचा कोर्स करायचा का. आता तर बीपी पडलेल्या पेशंटला द्यायचं इंजेक्शन पोरं जिमच्या आधी ताकदीसाठी टोचून घेतात, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. त्याने हार्ट पळायला लागतं, बीपी चढतं, सवय लागते, आणि स्टेरॉइडने शरीराचं स्वतःचं हार्मोन बंद पडतं, पुढे लग्नानंतर मूल व्हायला अडचण येते. भो, जो माणूस तुम्हाला सुई देऊ करतो त्याच्या जिममधे दुसऱ्या दिवशी जाऊ नका, भरलेली फी बुडाली तरी चालेल.

बारा आठवड्यांनी

पहिलं पान उघडा. तेच वजन, तोच घेर, तसाच फोटो, शेजारी लिहा. मग बघा, जिथे आकडे अजून चढतायत तिथे काहीही बदलू नका, कोणी कितीही नवीन प्रोग्राम सांगितला तरी. एखाद्या व्यायामात सलग तीन आठवडे एक रेपसुद्धा वाढली नसेल तर आधी झोप आणि प्रोटीनची पानं तपासा, बहुतेक तिथेच सापडतं. तिथे सगळं ठीक असेल तर एक आठवडा वजनं निम्मी करून हलका काढा आणि मग दहा टक्के कमी वजनावरून परत चढत या. माझी शोल्डर प्रेस अशीच 35 ला अडली होती, दोनदा हे केलं, तिसऱ्या वेळी 37.5 निघाली, तारीख लिहिलेली आहे, 9 नोव्हेंबर, आणि शेजारी आईच्या अक्षरात त्या दिवशीच्या डाळीचं वजन.